अकेनेसेच्या अंगातलं लोखंड

आमच्या बेटावरच्या अपिया शहराच्या बाजारात माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात. सकाळी कोकोचं पातेलं टपरीवर मांडलं की समोरचा मासेवाला आधी आपल्या माशांवरच्या माश्या हाकलतो, कारण मी काय बोलेन याचा नेम नसतो. लुपेच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माझ्या घरचेच म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. तरी अकेनेसेने तिच्या आयुष्यातली सगळ्यात जड गोष्ट माझ्याजवळ ठेवली आणि मी ती सांभाळली. आता तिचा भाऊ पेनीही राहिला नाही. ज्याच्यापासून लपवायचं तोच गेला, तेव्हा सांगायला हरकत नाही.

अकेनेसे माझी भावजय. माझा भाऊ गेल्यावरही ती पलीकडच्या बेटावर, सफोतू गावातच राहिली. स्वतःचं मूल झालं नाही, पण पेनीला तिनेच वाढवलं. त्यांची आई गेली तेव्हा तो रांगत होता. गावातल्या बायकांत तिच्यासारखी चटई कोणी विणत नसे. केवड्याची पात नखाने इतकी बारीक चिरायची की चटई हातात घेतली तर रेशमी वाटावी. आमच्याकडे लग्न असो, मयत असो, कोणाला गावच्या प्रमुखाचा मान मिळो, अशी चटई लागतेच, आणि एकेक विणायला वर्ष वर्ष जातं. विणताना ती हसायची मोठ्याने. शेजारच्या घरातली झोपलेली पोरं जागी व्हायची.

साखरेने तिच्या किडन्या खाल्ल्या. डायलिसिसचं यंत्र तेव्हा फक्त आमच्या बेटावर होतं, म्हणून चटईची गुंडाळी काखेत मारून ती फेरीबोटीने माझ्याकडे आली. "महिनाभर राहीन," म्हणाली. यंत्र महिन्याभरात सोडत नाही हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी म्हटलं, "राहा की. पण माझ्या घरात रडायचं नाही. रडायचं तर चर्चमध्ये जाऊन रडायचं, तिथे सोबत मिळते."

किडन्या गेल्या की अंगात रक्त तयार होत नाही. रक्त वाढवायचं इंजेक्शन असतं, पण ते बाहेरून यायचं, कधी यायचं, कधी नाही. आलं नाही की अकेनेसेचे ओठ पांढरे पडायचे, न्हाणीपर्यंत जाताना भिंत धरायची. मग डायलिसिस केंद्रातले लोक म्हणायचे, रक्त चढवावं लागेल, नातेवाइकांना बोलवा.

आणि पेनी यायचा.

एकटा कधीच यायचा नाही. गावातले पाच-सात गडी, टोपलीभर तारोचे कंद, केळीच्या पानात बांधलेलं भाजलेलं अख्खं डुक्कर. सगळे माझ्या ओसरीवर मांडी घालून बसायचे, आणि पेनी उभा राहून भाषण करायचा. बोलण्यात पटाईत. पुढ्यात डुक्कर ठेवून म्हणायचा, "ताई, आम्ही गरीब गावचे. हात हलवत आलो, लाज वाटते. आमच्याकडे आहे ते फक्त अंगातलं रक्त. तेवढं गोड मानून घे."

"अरे, आधी कोको तरी घ्या," मी म्हणायची. "रक्त काय पळून जातंय?"

"लुपे, तू मध्ये बोलू नकोस गं," अकेनेसे म्हणायची, आणि मान खाली घालून त्याचं सगळं भाषण ऐकून घ्यायची. तिचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असायचा. पेनीचा आणि तिचा रक्तगट एक. रक्तपेढीत साठा तो काय असणार, त्यामुळे पेनीने आणि गावच्या गड्यांनी दिलेलंच बहुतेक वेळा तिच्या हातात चढायचं. पिशवी लटकली की ती शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला सांगायची, "हा माझा भाऊ बरं का. वर टांगलाय."

आमच्यात भेट नाकारायची पद्धत नाही. त्यातून भावाची भेट. बहीण म्हणजे भावाच्या घरचा देव. तिच्यापुढे पंगतीत पहिलं ताट जातं, तिचा शब्द भावाने मोडायचा नसतो, तिला 'का' म्हणूनसुद्धा विचारायचं नसतं. असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यामुळे रक्त कमी आहे एवढं कळायचा अवकाश, सगळ्यांनीच देण्याचा सपाटा लावला. पेनी रक्त देई. केंद्रात शिरेतून लोहाची औषधं. ऑकलंडहून माझी मुलगी लोहाच्या गोळ्या पाठवी. चर्चच्या बायका दर रविवारी गाईची कलेजी घेऊन दारात उभ्या. आणि सणवार आला, गावात काही मोठं निघालं की पेनी स्वतःहून हजर, "ताई अशक्त दिसायला नको." डॉक्टरांच्या मागे लागून एखादी पिशवी जास्तीचीच चढवून घ्यायचा. त्याच्या भाषणापुढे कोणाचा टिकाव लागणार?

पहिल्यांदा रंग बदलला. अकेनेसे मुळात गव्हाळ. ती हळूहळू करडी-काळपट दिसायला लागली. बाजारातल्या बायका टपरीवर येऊन चिडवायच्या, "अगं अकेनेसे, दिवसभर खुर्चीत पडून असतेस आणि रंग मात्र होडी हाकणाऱ्याचा! कोणाबरोबर जातेस समुद्रावर?"

"तुझ्याच नवऱ्याबरोबर," ती म्हणायची. "तुला सांगितलं नाही त्याने?"

मग बोटं गेली. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं, मुठीच्या उंचवट्यावर सुजली. पात चिरायला नेमकी तीच लागतात. आमच्याकडे सांधा दुखला की गाऊट. दुसरं काही असू शकतं हे कोणाच्या डोक्यातच येत नाही, कारण घरटी एकाला तरी गाऊट असतोच. मी तिचे मासे बंद केले. शेजारणीने तेल चोळलं. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली. बोटं काही वळेनात. पेनीसाठी विणायला घेतलेली चटई अर्ध्यावर राहिली. पेनीला गावचा मान मिळणार अशी बोलणी सुरू होती, आणि त्या दिवशी ही चटई त्याच्या कमरेला गुंडाळलेली असावी, असं तिच्या मनात होतं. रोज दुपारी ती उलगडायची, दोन-चार पाती घालायची, हात झटकायची, गुंडाळून ठेवायची. हसणं कमी झालं होतं. शेजारची पोरं निवांत झोपायला लागली.

त्याच सुमारास केंद्रात डॉक्टर रुता आल्या. आमच्याच बेटावरच्या, वयाने लहान, बोलणं तुटक. पहिल्याच दिवशी अकेनेसेचा हात हातात घेतला तो सोडेचनात. त्या दोन सांध्यांवर अंगठा फिरवत राहिल्या.

"हे कधीपासून?"

"गाऊट आहे तो," मी म्हटलं.

"तुम्ही डॉक्टर का?"

"नाही. कोको विकते."

"मग कोको विका," त्या म्हणाल्या. मला राग आला, पण बाई आवडल्याही.

त्यांनी रक्त तपासायला बाहेर पाठवलं. फेरिटिन नावाचं काहीतरी बघतात, त्यावरून अंगातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज येतो. आकडा भलताच मोठा आला. तिथले दुसरे डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, अंगात कुठे सूज असली, ताप असला तरी हा आकडा चढतो, डायलिसिसच्या माणसांत नेहमीचंच आहे. आणि तेही चूक नव्हतं. अकेनेसेला तेव्हा ताप होताच. रुताबाईंनी ताप उतरेपर्यंत थांबून पुन्हा तपासलं. आकडा उतरला नाही. मग त्या म्हणाल्या, "रक्ताची तपासणी अंदाज देते. खरं काय ते यकृतात बघावं लागेल. एमआरआयने यकृतातलं लोह मोजता येतं, पण ते ऑकलंडला. तुमच्या मुलीकडे राहता येईल का?"

आम्ही गेलो. तिथल्या दवाखान्यात तिचं डायलिसिसही झालं आणि ते चित्रही. रुताबाईंनी चित्र मागवून घेतलं आणि आम्ही परतल्यावर समोर बसवून दाखवलं. यकृत साधारण राखाडी दिसतं म्हणे. शेजारी दुसऱ्या कोणाचं तरी ठेवलं होतं, ते राखाडी होतं. अकेनेसेचं काळं होतं. उमूच्या भट्टीत वापरून वापरून काळ्या पडलेल्या दगडासारखं.

"हृदयातही साठलंय," रुताबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा तुटक नव्हता.

"कुठून आलं एवढं?" अकेनेसेने विचारलं. "लुपेने कलेजी फार खायला घातली."

"कलेजीने एवढं होत नाही. शिरेतून दिलेलं लोह आहे थोडं. पण बरंचसं रक्ताच्या पिशव्यांमधलं. प्रत्येक पिशवीत लोह असतं. यंत्र तुमच्या अंगातलं विष काढतं, पाणी काढतं, लोह काढत नाही. आणि शरीराला ते बाहेर टाकायचा रस्ताच ठाऊक नाही. आत गेलं की राहतं."

"म्हणजे पेनीचं," ती म्हणाली.

रुताबाईंनी चित्र बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "ते रक्त मिळालं नसतं तर तुम्ही केव्हाच गेला असता. कोणाची चूक नाही ही. पण आता रक्त नको. अगदी जिवावर बेतलं तरच. लोह खेचून काढायचं औषध आहे, यंत्रावर असताना देता येतं, ते सुरू करू. वेळ लागेल."

"वेळ आहे का माझ्याकडे?"

"बघू," डॉक्टर म्हणाल्या. आणि मला कळलं.

आम्ही बसने घरी निघालो. गाण्याचा आवाज मोठा होता, तो बंद करायला मी ड्रायव्हरवर ओरडले, त्याने बंद केला. तेव्हा ती म्हणाली, "लुपे, पेनीला हे कळता कामा नये."

"अगं, पण चूक नाही ना कोणाची. डॉक्टरच म्हणाल्या."

"डॉक्टरांना काय माहीत पेनी? तो रांगत माझ्या मागे यायचा. मी चटई विणायला बसले की पातींत झोपायचा. त्याला कळलं की माझं काळीज त्याच्या रक्ताने काळं झालं, तर तो जगेल का? सांग ना. जगेल?"

नसता जगला. देहाने जगला असता, पण पुन्हा तोंड उघडून भाषण केलं नसतं.

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही," ती म्हणाली. "हा भिजव. माझ्यासाठी."

मी होकार दिला. आयुष्यात एवढा राग मला कशाचा आला नव्हता. कोणावर काढायचा तेही कळेना. पेनीवर? गावावर? त्या काळ्या चित्रावर?

थोड्याच दिवसांत पेनी आला. मानाचा दिवस ठरला होता. या वेळी बरोबर निम्मं गावच होतं. ओसरी भरली, अंगण भरलं. पेनी उभा राहिला. मान मिळणार म्हणून छाती पुढे. "ताई, त्या दिवशी तू माझ्या उजवीकडे बसायचंस. सगळ्यांनी बघितलं पाहिजे माझी बहीण कशी आहे ते. तुझ्यात ताकद पाहिजे. हे सगळे गडी त्यासाठी आलेत. आम्ही हात हलवत आलो, लाज वाटते, पण अंगात रक्त आहे."

अकेनेसेने मान वर केली. "मला नको."

पेनीला वाटलं नीट ऐकू आलं नाही. "काय, ताई?"

"तुमचं रक्त मला नको. घेऊन जा परत."

एक जण चटकन उठून उभा राहिला, दुसऱ्याने त्याला ओढून खाली बसवलं. सगळ्या गावादेखत, मानाच्या तोंडावर, बहिणीने भावाची भेट परत केली होती. याहून मोठा अपमान आमच्याकडे नाही. ती नुसतं म्हणाली असती, डॉक्टरांनी मना केलंय, तर कोणाला काही वाटलं नसतं. पण मग पेनी उठून थेट केंद्रात गेला असता, रुताबाईंसमोर भाषण केलं असतं, 'का' म्हणून विचारलं असतं. डॉक्टरला 'का' विचारता येतं. बहिणीला येत नाही. म्हणून तिने ते स्वतःच्या अंगावर घेतलं.

पेनीचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता त्यावर. गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोराचा असतो तसा तो चेहरा होता. ओठ हलले, पण विचारलं नाही. विचारायचं नसतं म्हणून विचारलं नाही. वाकून तिच्या पायांजवळ डोकं टेकवलं, गड्यांना घेतलं आणि निघून गेला. तारो तिथेच राहिला, डुक्करही.

माणसं गेल्यावर ती चर्चमध्ये गेली नाही. माझ्या घरातच रडली. मी रडू दिलं.

मानाच्या दिवशी ती सफोतूला गेली नाही, अंगात त्राण नव्हतं. अर्धी चटई कमरेला बांधता येत नाही, तेव्हा पेनीने दुसऱ्या कोणाची बांधली. पण तिचा वाटा आला. पंगतीतला पहिला वाटा, पानात बांधून, बोटीने, गावच्या एका माणसाबरोबर. निरोप काही नव्हता. त्यानंतर दर महिन्याला वाटा येत राहिला. कधी मासा, कधी डुकराची पाठ, कधी नारळाच्या सायीत शिजवलेल्या तारोच्या पानांचा पालुसामी. शब्द एक नाही. भावाचं कर्तव्य पेनीने चुकवलं नाही, फक्त बोलणं सोडलं. अकेनेसे वाटा उघडायची, वास घ्यायची, आणि म्हणायची, "मीठ जास्त पडलंय. पेनीनेच केलंय हे." खायची नाही. मग बाजारातली पोरं खायची.

"एक शब्द लिहून पाठवते मी," मी एकदा चिडून म्हटलं. "हा काय छळ लावलाय दोघांनी?"

"पाठव," ती म्हणाली. "मग मी गेल्यावर तूच जा त्याच्या घरी राहायला. रोज त्याला जेवू घाल, रोज सांग की तुझी चूक नव्हती. जमेल?"

मी पातेलं आपटलं आणि बाहेर गेले.

औषध चालू होतं. आकडा खाली येत होता, रुताबाई खूश होत्या. चामडीचा रंगही जरा उजळला. एके दिवशी तिने चटई उलगडली आणि बऱ्याच पाती सलग घातल्या. मला हाक मारून दाखवलं. मला वेडीला वाटलं, निभावलं. पण हृदय आधीच थकलेलं. एका सकाळी यंत्रावर असताना, शेजारणीशी काहीतरी थट्टा करता करता, ते थांबलं. मी टपरीवर होते. रुताबाई स्वतः चालत आल्या सांगायला. मासेवाल्याने माझं पातेलं उतरवलं.

सफोतूला नेलं. आमच्याकडे माणसाला घरापुढेच पुरतात, म्हणजे जाता येता दिसत राहतं. तिच्या अंगावर तिचीच अर्धी चटई घातली, मोकळ्या पाती तशाच लोंबत. पेनीने सगळं रीतीने केलं. भाषण मात्र दुसऱ्याला करायला लावलं. माती पडली, लोक जेवणाकडे वळले, तेव्हा तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हातारा दिसत होता. मी मनाशी पक्कं धरलं, आता विचारणार, आणि मला खोटं बोलता येत नाही.

"लुपे," तो म्हणाला, "का, ते मी विचारणार नाही. तिचा शब्द होता. माझ्यात काहीतरी वाईट दिसलं असेल तिला. ती मोठी, तिला कळतं."

मी त्याच्या हातात शहाळं दिलं, ते त्याने तसंच खाली ठेवलं.

"एवढंच सांग. तू तिथे असायचीस, तुला यंत्राचं कळतं. आधी तिने घेतलं होतं ना माझं, तेव्हाचं... ते शेवटी होतं का गं तिच्यात? का त्या यंत्राने सगळं धुऊन काढलं?"

समोरच्या ओल्या मातीकडे तो बघत होता. मी त्याचा हात धरला. कोपराच्या आतल्या बाजूला सुईची जुनी खूण होती.

"नाही रे," मी म्हटलं. "यंत्राला ते काढताच येत नाही. तू दिलेलं तिच्यातच राहिलं. शेवटपर्यंत होतं."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान पोरासारखा रडला. महिन्यांमहिन्यांचं साचलेलं होतं ते. रडता रडता हसायलाही लागला.

"म्हणजे एकटी नाही गेली," तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "एकटी नाही गेली."

मग त्याने डोळे पुसले आणि पाहुण्यांना वाढायला उठला. मी तिथेच बसून राहिले. माझ्याने उठवेना.